मोलकरी कोण?

२०२५ सालच्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब अमेरिकेहून सुटीवर आले होते. वडील पिट्सबर्ग शहरी नोकरीस आहेत. मिस्सानंतर ही मंडळी आम्हांस भेटावयास आली, तेव्हा त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाच्या अंगात काळा-पिवळा शर्ट होता आणि पाठीवर 'हेज' हे नाव होते. हा हेज कोण, असे आम्ही सहज विचारले आणि मुलाचा चेहरा उतरला. आई हळूच म्हणाली, "फादर, तो बेसबॉलचा खेळाडू. जुलैमध्ये तो दुसऱ्या संघात गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नाही." मुलगा मात्र स्वतःच बोलू लागला. "त्याने आठ वर्षं राहतो म्हणून सही केली होती, फादर. मग तो गेला कसा?"

आम्ही त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. राहतो म्हणून शब्द दिलेला माणूस जातो तेव्हा शब्द कोणी मोडलेला असतो? आणि कोणी कोणाच्या गावी राहावे, अशी अपेक्षा धरण्याचा त्या गावाला अधिकार तरी किती? बेसबॉल हा आपल्या वाचकांना परका खेळ आहे हे आम्ही जाणतो. तथापि २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेले पोप चौदावे लिओ हे शिकागोचे असून तेथील 'व्हाइट सॉक्स' या बेसबॉल संघाचे जुने चाहते आहेत. त्या संघाने २०२४ साली १२१ सामने गमावले. तेव्हा निष्ठा म्हणजे काय हे पोपमहोदयांना कोणी शिकवावयास नको. ते ज्या खेळावर प्रेम करतात त्याविषयी धर्मगुरूने चार पाने लिहिली तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत ३० संघ असून प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. प्रत्येक संघ एखाद्या शहराचा असतो, परंतु शहरे सारखी नाहीत. न्यूयॉर्क आणि परिसरात सुमारे दोन कोटी लोक राहतात. पिट्सबर्ग शहराची वस्ती तीन लाखांच्या आसपास आणि परिसर धरला तरी पंचवीस लाखांच्या आतच. संघाचे उत्पन्न तिकिटांवर आणि त्याहूनही स्थानिक दूरचित्रवाणीच्या हक्कांवर चालते. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने २०१३ साली असे हक्क २५ वर्षांसाठी आठ अब्जांहून अधिक डॉलरला विकले. पिट्सबर्गसारख्या गावाला अशी रक्कम स्वप्नातही दिसणार नाही. अमेरिकेतील फुटबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी या खेळांत संघाने पगारावर किती खर्च करावा याला कमाल मर्यादा आहे. बेसबॉलमध्ये तशी नाही, ठरावीक रकमेपलीकडे गेल्यास कर भरावा लागतो इतकेच. परिणामी २०२५ साली डॉजर्सचा पगारखर्च तीस कोटी डॉलरच्या वर होता, पिट्सबर्गच्या 'पायरेट्स'चा दहा कोटींच्या आत. आपल्याकडे २००८ पासून आयपीएलमध्ये खेळाडूंचा चक्क लिलाव होतो आणि तो शब्द आमच्या कानांना अजूनही खुपतो; पण तेथे निदान सर्व संघांची थैली सारखी असते. बेसबॉलमध्ये लिलाव हा शब्द कोणी वापरत नाही, थैल्या मात्र सारख्या नाहीत.

पिट्सबर्गच्या लोकांना विचारले तर ते १९९२ सालापासून गोष्ट सांगू लागतात. त्या वर्षी १४ ऑक्टोबरच्या रात्री अटलांटा येथे निर्णायक सामन्याचा शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा पायरेट्स दोन धावांनी पुढे होते. अखेरच्या चेंडूफटक्यावर डाव्या बाजूने बॅरी बाँड्सने चेंडू फेकला, आणि तो पोहोचण्याच्या आत अटलांटाचा एक खेळाडू घसरत येऊन विजयाची धाव घेऊन गेला. हा धावणारा सिड ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत पिट्सबर्गचाच होता. त्या हिवाळ्यात बाँड्सही गेला. सान फ्रान्सिस्कोने त्याला सहा वर्षांसाठी चार कोटी साडेसदतीस लाख डॉलर देऊ केले होते. त्यानंतर १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे पिट्सबर्गने प्रत्येक हंगामात जिंकले त्यापेक्षा अधिक सामने गमावले. पहिल्या हंगामात जन्मलेले मूल तोवर मतदान करू लागले.

हे ऐकताच आम्हांस शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील नाथान संदेष्ट्याचा दृष्टान्त आठवला. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, गरिबाकडे एकच कोकरी होती. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने आपल्या कळपाला हात न लावता त्या गरिबाची कोकरी नेली. दाविद राजा संतापला, आणि तो माणूस तूच आहेस हे त्याला ऐकावे लागले. पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, क्लीव्हलंड, मिलवॉकी येथील चाहत्यांचे दुःख नेमके हेच आहे. आम्ही पोर निवडले, लहानाचे मोठे केले, हरण्याची वर्षे सोसली. आणि ते खेळू लागले तेव्हा मोठ्या शहराने उचलून नेले. ही तक्रार खोटी नाही. कॅन्सस सिटीने २०१५ साली जगज्जेतेपद मिळवले आणि अडीच वर्षांच्या आत त्या संघातील मुख्य खेळाडू पांगले. क्लीव्हलंडने फ्रान्सिस्को लिंडोरला २०२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्ककडे धाडले, कारण आज ना उद्या तो जाणारच होता. न्यूयॉर्कने त्याच्याशी दहा वर्षांचा ३४ कोटी १० लाखांचा करार केला.

परंतु दृष्टान्त जसाच्या तसा लावू गेल्यास तो एका ठिकाणी तुटतो, आणि तेथेच आमचा सारा प्रश्न आहे. कोकरीला कोणी विचारले नव्हते. विचारण्याचा प्रश्नही नव्हता, कारण ती कोकरी होती. खेळाडू हा माणूस आहे.

ही साधी गोष्ट बेसबॉलच्या मालकांच्या गळी उतरण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८७९ साली मालकांनी आपसांत असा नियम केला की, करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राहील. प्रारंभी तो मोजक्या खेळाडूंपुरता होता, पुढे सर्वांना लागू झाला. खेळाडूने दुसरीकडे जायचे तर मालकानेच त्याला विकले पाहिजे किंवा बदल्यात दिले पाहिजे. अन्यथा खेळ सोडून घरी बसावे. या नियमाच्या समर्थकांचे म्हणणे काय होते? हेच, की तो नसेल तर श्रीमंत संघ सर्व चांगले खेळाडू घेऊन जातील आणि लहान गावे ओस पडतील. म्हणजे लहान गावाच्या नावाने माणसाला बांधून ठेवले होते. आणि गंमत अशी की, नियम असतानाही न्यूयॉर्कचे यांकी जिंकतच होते.

१९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा वर्षे तो तेथे खेळला होता आणि उत्तम क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्याने सात वेळा मिळवले होते. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या माणसाने तक्रार कसली करावी, असे पुष्कळांना वाटले. त्याने नाताळच्या आदल्या दिवशी स्पर्धेच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवले की, आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता आहोत असे आपणांस वाटत नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ साली तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. खालच्या न्यायालयात साक्ष देण्यास जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू आले. त्या वेळी खेळत असलेला एकही आला नाही. फ्लडची कारकीर्द संपली. १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने निर्णय दिला आणि ती बेडी तुटली. फळ इतरांनी चाखले.

आज खेळाडूला सहा वर्षांच्या सेवेनंतर आपला संघ निवडता येतो. आम्ही सेमिनरीत असताना पोप तेराव्या लिओंचे १८९१ चे श्रमिकांविषयीचे परिपत्रक अभ्यासले होते. श्रम हे श्रम करणाऱ्याच्या व्यक्तित्वापासून सोलून वेगळे काढता येत नाहीत, हा विचार त्यात आहे, आणि कामगारांना संघटित होण्याचा हक्कही त्यात मान्य केलेला आहे. ते परिपत्रक गिरणीकामगारासाठी होते, कोट्यधीश खेळाडूसाठी नव्हे, असे कोणी म्हणेल. पण अन्यायाचे स्वरूप पगाराच्या आकड्याने बदलत नाही; सोन्याच्या पिंजऱ्यालाही दार लागतेच.

तर मग निष्ठेचे काय? पिट्सबर्गचे सर्वांत लाडके नाव रॉबेर्तो क्लेमेंते. पोर्तो रिकोचा हा खेळाडू १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षे फक्त पिट्सबर्गसाठी खेळला. आजच्या खेळाडूंना दूषण देताना त्याचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. परंतु पिट्सबर्गला तो आपल्या निवडीने गेला नव्हता. ब्रुकलिनच्या संघाकडून त्याला नियमानुसार उचलून घेण्यात आले होते, आणि एकदा आल्यावर जाण्याची मुभाच नव्हती. त्याचे त्या गावावर प्रेम नव्हते असे आम्ही म्हणत नाही; ते होते असेच वाटते. पण दार बंद असताना घरात राहिलेल्याच्या निष्ठेची परीक्षा झालेली नसते. क्लेमेंतेचे स्वातंत्र्य पाहावयाचे तर ते १९७२ च्या अखेरीस दिसते. निकाराग्वात भूकंप झाला, पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोहोचत नाही असे त्याला कळले, तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः सामानाच्या विमानात चढला. विमान समुद्रात कोसळले आणि त्याचा देह सापडला नाही. तेथे जाण्यास त्याला कोणत्याही कराराने बांधलेले नव्हते.

याउलट टोनी ग्विन. तो सान दिएगोच्या 'पाद्रेज' संघाचा. आम्हांस या संघाविषयी अंमळ अधिक जिव्हाळा आहे हे कबूल करतो, कारण त्याचे नाव आमच्यासारख्या पाद्र्यांवरूनच पडले आहे. १७६९ साली संत हुनिपेरो सेरा यांनी तेथे मिशन स्थापन केले त्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची ही आठवण. झगा घातलेला एक गोलमटोल पाद्री बॅट फिरवतो आहे, असे त्यांचे चिन्ह आहे. १९९३ साली या संघाच्या मालकांनी खर्च कमी करण्यासाठी चांगले खेळाडू एकामागून एक देऊन टाकले. ग्विन राहिला. इतरत्र अधिक पैसे मिळाले असते, दार उघडे होते, तरी १९८२ ते २००१ अशी वीस वर्षे तो तेथेच खेळला. क्लीव्हलंडच्या होसे रामिरेझने २०२२ साली असेच केले. बाहेर मिळाली असती त्याहून पुष्कळ कमी रकमेवर सही करून तो राहिला.

या दोघांविषयी आम्हांस आदर वाटतो. परंतु म्हणून जे गेले ते कृतघ्न, असे ठरवण्याचे धैर्य होत नाही. बाँड्सचेच पाहा. त्याचे बालपण सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात गेले, वडील त्याच संघातून खेळले होते. पिट्सबर्गच्या दृष्टीने तो गेला; तिकडच्या दृष्टीने घरी आला. आमच्या गावातून परदेशी जाणाऱ्या मुलांविषयी आम्ही असेच एकतर्फी बोलतो का, असा विचार हे लिहिताना मनात आला. आणि बदलीचे म्हणाल तर आम्हा धर्मगुरूंना तिचा अनुभव आहेच. बिशपांचे पत्र येते, लोक रडतात, हार घालतात, आणि आम्ही दुसऱ्या धर्मग्रामी जातो. पण आज्ञापालनाचे वचन दीक्षेच्या वेळी आम्ही स्वतःच्या तोंडाने दिलेले असते, यात सारा फरक आहे. एका बदलीनंतर महिन्याभराने आम्ही जुन्या ठिकाणी गेलो, तर लोक नव्या फादरांवर खूश होते. आम्हांस बरे वाटावयास हवे होते, तसे ते वाटले नाही, हेही सांगून टाकतो.

आता गरीब माणसाकडे वळू. दृष्टान्तातील गरिबाकडे दुसरे काही नव्हते. बेसबॉलमधील लहान संघाचा मालक मात्र असा गरीब नाही. एक तर पहिली सहा वर्षे खेळाडू त्याच्याकडे बांधलेला असतो आणि त्यांतील सुरुवातीच्या तीन वर्षांत किमान वेतनाच्या आसपासच पगार मिळतो. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने २०२५ साली सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा मानाचा साय यंग पुरस्कार मिळवला. गोलंदाज हा शब्द आमचा, तिकडे त्याला पिचर म्हणतात. त्या वर्षी त्याचा मूळ पगार दहा लाख डॉलरही नव्हता. बाजारात त्याच्या कामाचे मोल याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे गावाने खेळाडूसाठी सोसले ही अर्धीच गोष्ट झाली. खेळाडूनेही आपली ऐन उमेदीची वर्षे गावाला स्वस्तात दिलेली असतात. २०२९ च्या हंगामानंतर स्कीन्स मोकळा होईल आणि पिट्सबर्गचे लोक आतापासून वर्षे मोजत आहेत. मालकाने ती वर्षे कशी वापरली, हा हिशेब मात्र कोणी मोजताना दिसत नाही.

दुसरे असे की, श्रीमंत संघांच्या उत्पन्नातून लहानांना वाटा मिळतो. प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातील ४८ टक्के रक्कम एका समाईक पेटीत टाकतो आणि ती सर्वांत सारखी वाटली जाते. साहजिकच लहानांच्या पदरी टाकल्यापेक्षा अधिक पडते. ही व्यवस्था आम्हांस मनापासून पटते. स्पर्धा ही एकट्याने खेळता येत नाही; समोर कोणी नसेल तर न्यूयॉर्कचा संघ तरी कोणाशी खेळणार? वितरणात्मक न्याय म्हणून आम्ही जे शिकलो त्याचे हे बरेच स्वच्छ उदाहरण आहे. परंतु हा पैसा संघ सुधारण्यासाठी वापरावा असा नियम आहे, आणि तो तसा वापरला जात नाही अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ साली पिट्सबर्ग, ओकलंड, मायामी आणि टँपा बे या चार संघांविरुद्ध दाखल केली. मालकांनी आरोप नाकारला. निवाडा करणारे आम्ही कोण? पण त्याच वर्षीच्या जानेवारीत पिट्सबर्गने आपला सर्वांत लाडका खेळाडू अँड्र्यू मॅककचन आणि प्रमुख गोलंदाज गेरिट कोल या दोघांना दोन दिवसांच्या अंतराने दुसरीकडे पाठवले, ही नोंद मात्र आहे. ते दोघे गेले नाहीत, त्यांना पाठवले.

योहानाच्या शुभवर्तमानात चांगल्या मेंढपाळासमोर प्रभू येशूने मोलकरी उभा केला आहे. लांडगा येताना पाहून तो पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. चाहते खेळाडूला मोलकरी म्हणतात. आमच्या मते हा शब्द चुकीच्या माणसाला लागतो आहे. मेंढरे खेळाडूच्या स्वाधीन कधीच केलेली नव्हती. ती केली होती मालकाच्या. माँट्रियलचे पाहा. १९९४ साली तेथील संघ सर्वांत पुढे होता, ७४ विजय आणि ४० पराभव; १२ ऑगस्टला संप सुरू झाला आणि हंगाम तेथेच थांबला. पुढल्या वसंतात खर्च वाचवण्यासाठी मालकांनी संघच मोडून टाकला. लोक मैदानाकडे फिरकेनासे झाले, आणि २००५ साली तो संघ वॉशिंग्टनला नेण्यात आला. ओकलंडची कथा याहून ताजी आहे. कमी पैशांत हुशारीने संघ उभारल्याबद्दल त्यांच्यावर २००३ साली पुस्तक निघाले, पुढे चित्रपट झाला. २००१ अखेर तीन मोठे खेळाडू गमावूनही पुढच्या वर्षी त्यांनी सलग वीस सामने जिंकले होते. त्या हुशारीचे आम्हांसही कौतुक वाटले होते. २०२४ च्या २६ सप्टेंबरला ओकलंडमध्ये शेवटचा सामना झाला आणि ५७ वर्षांचा संसार गुंडाळून मालक संघच घेऊन गेला, लास वेगासच्या वाटेवर. खेळाडू गेला तर गाव दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवते. येथे टाळ्या वाजवण्यासाठी काही उरलेच नाही.

आणि तरीही मालकाला बाजारभावाने खेळाडू परवडत नाही, ही अडचण खरी आहे. क्लीव्हलंडने लिंडोरला ३४ कोटी दिले असते तर बाकीचा संघ कशातून उभा केला असता, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. कॅन्सस सिटीने २०२४ च्या फेब्रुवारीत बॉबी विट या तरुणाशी अकरा वर्षांचा २८ कोटी ८० लाखांहून अधिक रकमेचा करार केला, म्हणजे इच्छा असेल तर लहान गावालाही एक खेळाडू राखता येतो, पण एकच. पगाराला कमाल मर्यादा घालावी असे मालक म्हणतात, तर ती आमच्या मजुरीवर घातलेली मर्यादा होईल, असे खेळाडू. मर्यादेबरोबर किमान खर्चाची अट घातल्याशिवाय आणि मालकांचे हिशेब उघड झाल्याशिवाय मालकांच्या बाजूने मत देण्यास आमचे मन धजत नाही. फ्लडच्या वेळीही लहान गावाचेच नाव पुढे केले होते, हे आम्ही विसरू शकत नाही.

ते कुटुंब निघण्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यावयास आले, तेव्हा आम्ही त्या मुलाला जवळ बसवले. तोवर आम्ही थोडी माहिती काढली होती. के-ब्रायन हेजने २०२२ साली आठ वर्षांसाठी सात कोटी डॉलरवर सही केली, तेव्हा तो पिट्सबर्गच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार होता. २०२५ च्या जुलैअखेर संघाने त्याला सिनसिनाटीकडे दिले. आम्ही म्हणालो, "बाळा, तुझ्या हेजने शब्द मोडला नाही. तो राहायला तयार होता. सही दोघांची होती, पण पाठवायचा हक्क एकाकडेच होता."

त्याने हे बराच वेळ मनात घोळवले. मग म्हणाला, "म्हणजे तो परत येऊ शकतो?"

आम्ही मॅककचनचे उदाहरण दिले. त्यालाही पाठवून दिले होते; पण २०२३ साली मोकळा असताना तो आपणहून पिट्सबर्गला परतला, आणि मैदानात पाऊल ठेवताच लोक कितीतरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. चार वर्षांनी परत आला तो, असे आम्ही म्हणालो.

"पाच हंगाम, फादर," मुलाने आमची चूक दुरुस्त केली. "पाच हंगाम तो नव्हता."